चार पौंड

दातांचे डॉक्टर सकाळचा खेळ आटोपून रोज जिना चढून वर यायचे. गळ्यात टॉवेल, कानशिलावर घाम. काउंटरवर पाण्याची बाटली आपटायची, भिंतीवर टांगलेल्या जुन्या रॅकेटला नखाने एक टिचकी मारायची, ‘काय म्हणतेय ठिणगी?’ असं त्या रॅकेटलाच विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता निघून जायचं, हा पाच वर्षांचा परिपाठ होता. त्या सोमवारीही त्यांनी टिचकी मारली. काउंटरमागे तो तारा ताणायच्या मशीनवर वाकला होता. आडवी तार उभ्या तारांमधून वर, खाली, वर, खाली चालली होती, ती वर गेली आणि तिथेच

थांबली.

‘परत मारा,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘टिचकी. परत मारा एकदा.’

डॉक्टरांनी हसत मारली. ‘अहो गटिंगकाका, मी लोकांच्या दातांवरही अशीच मारतो. कीड लागलीय का?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘नीट आहे.’ आणि डॉक्टर उतरून गेले तरी त्याने वर नेलेली तार खाली घेतली नाही. त्याला चोवीस ऐकू आलं होतं.

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, प्रेक्षकांच्या गॅलरीखाली, जिन्याच्या वळणावर त्याची ती खोली. एका बाजूला काउंटर, एका बाजूला खाली कोर्टावर उघडणारी खिडकी, मध्ये मशीन. एकतीस वर्षं तो इथे रॅकेटींचं गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा ताणून बसवायचं काम, करत होता, आणि एकतीस वर्षांत माणसाचा कान कुठल्या कुठे जातो. रॅकेटच्या जाळीवर नखाने टिचकी मारली की तारेचा ताण किती पौंड ते तो सांगायचा. तेवीस. साडेपंचवीस. चुकला तर अर्ध्या पौंडाने. लोक मुद्दाम परीक्षा घ्यायचे, पैजा लावायचे, आणि हरायचे. त्यामुळे त्याला जे ऐकू आलं ते ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. भिंतीवरच्या रॅकेटची तार सहा वर्षांपूर्वीची. तार पहिल्या रात्रीतच दोन पौंड सोडते, मग हळूहळू सोडतच राहते, माणूस खेळो न खेळो. ही रॅकेट टांगली तेव्हा एकोणीसला वाजत होती. आज सोळा, फार तर सतरा. तार कधी उलट चढत नाही. नदी चढेल, भाव चढेल, म्हातारपणी माणसाचा पारा चढेल. तार उतरते.

रॅकेटच्या गळ्याशी त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, पिवळी पडलेली, वर पारदर्शक पट्टी. २८. त्याखाली ०.६१. अठ्ठावीस पौंडांचा ताण, आणि ०.६१ मिलिमीटरची, जाड दोऱ्याएवढी, बाजारातली सगळ्यात पातळ तार. नवखे खेळाडू ती चिठ्ठी वाचून एकमेकांना कोपर मारायचे. अठ्ठावीसवर पॉइंट सहा एक! लोकांची आठ दिवसांत तुटते, आणि ही पोरगी वर्षभर खेळली हिच्यावर, फायनल जिंकली, आणि बघ, अजून शाबूत! याला म्हणतात हात. चिठ्ठीवरचा आकडा खोटा आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो आत्ता आरी हातात धरून त्या आकड्याकडे बघत होता.

त्याची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. हॉलमध्ये सगळे तिला ठिणगी म्हणायचे. घरातही हळूहळू तेच झालं होतं. खांदा दुखतो म्हणाली नाही, केस विंचरताना डावा हात वापरायला लागली, ते आईने पाहिलं. हाडांच्या डॉक्टरांनी काळा फोटो उजेडासमोर धरला. ‘ही बघा, खांद्यातली दोरी. अर्धी झिजलीय. पीळ सुटलेत.’ त्याने वाकून पाहिलं. त्याला ते लगेच कळलं. दोन तारा एकमेकींवर घासून खाच पडते, खाच खोल जाते, आणि एक दिवस कुणी काही न करता ती तुटते, ते तो रोज बघत होता. ‘आठ महिने आराम,’ डॉक्टर म्हणाले. ‘नंतर खेळू दे, पण रॅकेट सैल. चोवीसच्या वर अजिबात नको. तुमचं गटिंग तुटलं तर नवं लावता. हे तुटलं तर मला लावता येत नाही.’

आणि ठिणगी आठ महिन्यांनी काउंटरपलीकडे उभी राहून म्हणाली होती, ‘चोवीस? चोवीसवर पेन्शनर खेळतात, बाबा.’

‘डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘डॉक्टर खेळणारेत का माझ्या जागी? अठ्ठावीस. पॉइंट सहा एक. नाहीतर दुसऱ्याकडून करून घेते.’

‘बरं,’ तो म्हणाला होता. इतक्या पटकन, की तिने संशयाने पाहिलं होतं. पण पाहून काय दिसणार? मशीनची ताणाची दांडी, जिच्यावर वजन सरकवून आकडा लावायचा, तिची आकड्यांची बाजू भिंतीकडे होती. ती म्हाताऱ्याने, म्हणजे ज्याच्याकडून तो हे काम शिकला आणि ज्याचं हे मशीन होतं त्याने, तशी लावून ठेवली होती. खेळाडूने काउंटरच्या अलीकडे यायचं नाही आणि आकडा बघायचा नाही, हा म्हाताऱ्याचा नियम. ‘आकडा बघितला की त्यांना वाटतं ते आकड्याने खेळतात,’ म्हातारा म्हणायचा. त्या दिवशी त्याने भिंतीकडच्या बाजूने वजन चोवीसवर सरकवलं, आणि चिठ्ठीवर अठ्ठावीस लिहिलं. लिहिताना आठाचं शेपूट जरा लांब गेलं. बस, इतकंच. मग सहा वर्षं. दुसऱ्या शहरात राहायला गेली तरी तिच्या रॅकेटी पार्सलने यायच्या, डझनाने, आणि तो त्या डझनाने चोवीसवर लावून, अठ्ठावीस लिहून परत पाठवायचा. सैल जाळीवर पातळ तारही टिकते, यात कसली जादू? पण लोक म्हणाले हात हलका आहे. तीही म्हणाली. ‘तार तुटते ती हाताच्या चुकीने,’ असं ती लहान मुलांना शिकवताना सांगायची, आणि तो ते ऐकून खाली बघायचा.

आणि रविवारी तिचा फोन आला होता. ‘बाबा, निवड झाली! कॅम्प. एक वर्ष.’ आईने शेजारी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ‘आणि ऐका, आता पार्सल बंद. तिथे त्यांचाच माणूस, त्यांचंच मशीन. बटण दाबलं की अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. तुमच्या म्हाताऱ्याच्या दांडीसारखं नाही.’ ती हसली. तोही हसला. शनिवारी येते म्हणाली, एक दिवस राहून जाते.

रविवारी फोन, सोमवारी चोवीस.

मंगळवारी त्याने स्वतः टिचकी मारली. पंचवीस. त्याने खोलीतली हवा हुंगली, खिडकी लावली, उघडली. उन्हाने असं होतं का? दमटपणाने? तितकीच जुनी एक कुणी न नेलेली रॅकेट माळ्यावरून काढून त्याने शेजारच्या खिळ्याला लावली. ती पंधरा म्हणाली, बुधवारी पुन्हा पंधरा म्हणाली, गरीब गाईसारखी. आणि ठिणगीची सव्वीस. त्याने भिंग घेऊन तारा पाहिल्या. जिथे उभ्या-आडव्या एकमेकींवरून जातात तिथे खाचा होत्या, जुन्या, खोल. इतक्या खाचेची तार सव्वीसला केव्हाच जायला हवी होती. त्याने भिंग खाली ठेवलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण दात आवळून धरलेत, आणि किती वेळ ते सांगता येत नाही.

म्हातारा म्हणायचा, ‘तार रात्रीत दोन पौंड सोडते. सोडते म्हणजे जातात कुठे रे? हवेत विरघळतात? कुणीतरी धरतं.’ मग स्वतःच्या कलत्या मानेवर थाप मारायचा. ‘मी धरलेत. चाळीस वर्षं. म्हणून ही अशी.’ सगळे हसायचे. म्हातारा गेला त्या दुपारी हा त्याच्या खाटेशी बसला होता. चादरीवर पडलेला हात दोरखंडासारखा ताणलेला, मनगटाच्या शिरा उभ्या. डोळे मिटलेले, श्वास मोजण्याइतका. याने काय केलं, तर खोलीत कुणी नाही असं बघून त्या शिरेवर हलकेच नख मारलं. का मारलं हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नाही. आवाज आला होता. माणसाच्या अंगातून तसा आवाज येत नाही. आणि थोड्या वेळाने, म्हातारा संपल्यावर, तो हात एकदम मऊ पडला, आणि त्याच क्षणी याची मान उजवीकडे

नाही. मान त्याची आधीपासूनच दुखायची.

गुरुवारी घरी जेवताना बायको म्हणाली, ‘काय ऐकताय?’

‘काही नाही.’

‘मग भांड्यावर नख कशाला मारताय? मघाशी दाराच्या स्प्रिंगवर मारलंत. तुमचे कान लग्नाआधी कुणाला तरी दाखवायला हवे होते.’ ती एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायची. दिवसभर उसवलेलं शोधून आल्यामुळे घरीही तिची नजर शिवणीवरच असायची. ‘माझा आवाज आज किती पौंड?’

हा त्यांचा जुना खेळ. तो म्हणाला, ‘बावीस.’

‘बावीस म्हणजे खूश. असणारच. पोरगी येतेय, निवड झालीय. आणि बाप बघा, उतरलेलं तोंड घेऊन बसलाय. ती लांब जाते म्हणून?’

आत्ता सांगावं, त्याला वाटलं. घास गिळावा आणि सांगावं: अगं, ती कधी अठ्ठावीसवर खेळलेलीच नाही. तिकडे तो माणूस बटण दाबेल, आणि रोज सहा तास, आणि ती अर्धी दोरी. महिनाभर टिकेल? दोन? पण सांगायला तोंड उघडलं की आधी बाहेर येणार ते सहा वर्षं, आणि ती सहा वर्षं तिची होती, त्याची नव्हती. फायनलचा फोटो समोरच्या कपाटावर होता. तो म्हणाला, ‘मीठ दे.’ स्वतःच्या आवाजाचा आकडा त्याला आजवर कधीच ऐकू आला नव्हता. आज आला, आणि त्याने पुढे काही मागितलं नाही.

शुक्रवारी सत्तावीस. तो दिवसभर भिंतीकडे पाठ करून बसला, आणि पाठीला ती रॅकेट जाणवत राहिली. उन्हात बसल्यावर पाठीला ऊन जाणवतं तशी, फक्त थंड. खिडकीतून खालचे फटके येत होते, पुस्तक आपटावं तसे नवशिक्यांचे, टाळीसारखे जाणत्यांचे. वर, खाली, वर, खाली. त्याच्या हातून दोन आडव्या चुकल्या, उसवाव्या लागल्या. त्याने ठरवलं: भिंतीवरची उतरवायची आणि कापून टाकायची. कात्री घेऊन उभाही राहिला. तार कापायची तर मधून सुरुवात करायची, एक उभी, एक आडवी, चारी बाजूंना सारखी सुटत जाईल अशी. कडेकडून कापली तर उरलेला ताण एका अंगाला जातो आणि चौकट पिचते. हे त्याचे हात झोपेतही करतील. पण कात्री जाळीजवळ नेली तेव्हा, तिला न लावताच, जाळी बारीक गुणगुणायला लागली. त्याने कात्री खिशात घातली. शनिवार येऊ दे.

शनिवारी सकाळी ती आली, आधी हॉलवरच, मग घरी. ही तिची जुनी सवय. पाठीवर पिशवी, केस कापलेले. जिन्यातूनच ओरडली, ‘गटिंगकाका, आहात का?’

‘आहेत, पण उधार नाही,’ तो म्हणाला. हेही जुनं.

तिने पिशवीतून एक रॅकेट काढली, तार तुटलेली नव्हती, काढून टाकलेली होती, रिकामी. ‘ही शेवटची तुमच्या हातची. शुभशकुन म्हणून नेते. बाकी त्यांच्याकडून.’

त्याने रॅकेट घेतली. मशीनवर चढवली नाही.

‘हाडांचे डॉक्टर चोवीस म्हणाले होते,’ तो म्हणाला.

‘बाबा! सहा वर्षं झाली. अठ्ठावीसवर काही झालं का मला?’

‘अठ्ठावीसवर नव्हतीस तू.’

खाली कुणीतरी शटल नेटमध्ये मारलं आणि शिवी दिली. तो बोलत गेला, मध्ये न थांबता, मशीनशी बोलावं तसा: आठ महिन्यांनंतरचा तो दिवस, दांडीची भिंतीकडची बाजू, चिठ्ठी, पार्सलं. सगळी. एकूण एक. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘मला जाऊ द्यायचं नाही का तुम्हाला?’

‘तसं नाही गं.’

‘मग हे आत्ता कुठून काढलंत? अठ्ठावीसवर पॉइंट सहा एक तोडत नाही ती मुलगी, मला असं ओळखतात बाबा. तिकडे निवडलं तेव्हाही तेच बोलले. आणि तुम्ही म्हणता...’ तिची नजर भिंतीवर गेली. ‘थांबा. कान काही एकट्या तुम्हालाच नाही.’ तिने हात लांब करून भिंतीवरच्या रॅकेटवर नख मारलं.

तो आवाज खोलीत फिरला, खिडकीच्या काचेला लागला. स्वच्छ, वर चढलेला, काचेच्या पेल्यासारखा.

‘हे किती आहे?’ तिने विचारलं.

त्याने हातातली रिकामी रॅकेट काउंटरवर ठेवली.

‘सांगा ना. पैज लावून सांगता लोकांना.’

‘अठ्ठावीस,’ तो म्हणाला.

‘झालं तर.’ ती जिंकल्यासारखी हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने खरं सांगितलं होतं आणि भिंतीने त्याला खोटं पाडलं होतं. तिला सांगायचं काय, की ती तार स्वतःहून चढली? आठवड्यात चार पौंड? त्याला स्वतःलाही त्या क्षणी वाटलं की कदाचित आपणच अठ्ठावीस लावले असतील. की लिहिलेलं तेच खरं, आणि चोवीसच आपल्या डोक्यातलं. मानेतून एक कळ गेली.

‘इकडे ये,’ तो म्हणाला.

‘कुठे?’

‘आत. काउंटरच्या आत. आणि आकडा बघ.’

सहा वर्षांत, एकतीस वर्षांत, त्या फळीच्या आत कुणी खेळाडू आला नव्हता. ती भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत अंग चोरून उभी राहिली. त्याने वजन सरकवून अठ्ठावीसवर आणलं, तिला वाचायला लावलं, पातळ तारेचं नवं वेटोळं उघडलं. उभ्या लावल्या. आडव्या ओवल्या. दर वेळी दांडी खाली जाताना तार असा काही आवाज करत होती की तिने एकदा डोळे मिटून घेतले. दांडी तिने कधी जवळून पाहिली नव्हती. आता तिथे चोवीसच्या खुणेशी पितळ घासून चकचकीत झालेलं तिला दिसत होतं, आणि अठ्ठावीसची खूण काळीच होती. बोट तिने त्या चकचकीत जागेवर ठेवलं. मग काढून घेतलं.

गाठी मारून त्याने रॅकेट दिली. ‘जा. दहा मिनिटं.’

ती खाली गेली. दातांचे डॉक्टर टॉवेल गुंडाळत होते. ‘डॉक्टर, दहा मिनिटं उभे राहा ना माझ्यासमोर.’ ‘दात पाडू नकोस म्हणजे झालं,’ डॉक्टर म्हणाले. तो खिडकीत उभा राहिला. पहिलाच फटका त्याला अनोळखी वाटला. कोरडा, जवळ, हाडावर हाड. शटल अर्ध्या कोर्टावर पडलं. डॉक्टरांना वाटलं ती मुद्दाम हळू खेळतेय. दुसरा नेटमध्ये. तिसऱ्यापासून ती जोर लावायला लागली, आणि प्रत्येक जोराबरोबर तिचा उजवा खांदा कानाकडे चढत गेला, अर्धं बोट, एक बोट. सहाव्या मिनिटाला तिने वरून पूर्ण ताकदीने मारला, जरासा कडेला लागला, आणि तार गेली. टण् असा आवाज खाली व्हायला हवा होता. त्याला तो मागून ऐकू आला, भिंतीकडून. त्याने वळून पाहिलं. भिंतीवरची शाबूत होती.

ती वर आली तेव्हा डावा हात उजव्या खांद्यावर होता. तिथे तो आहे हे तिला माहीत नसावं. रॅकेट तिने काउंटरवर ठेवली.

‘मग सहा वर्षं मी काय खेळले?’

‘जे खेळलीस ते तूच खेळलीस.’

‘पेन्शनरांच्या ताणावर.’

‘हो.’

ती हसली की काय, त्याला कळलं नाही. तिने हात पुढे करून त्याच्या खिशातून कात्री काढली, आणि मधून, एक उभी, एक आडवी, चारी बाजूंना सारखी, जाळी कापत गेली. हे तिला त्याने शिकवलं नव्हतं. लहानपणी काउंटरपलीकडून बघून शिकली असणार. कापलेल्या तारांचे तुकडे फळीवर उडत होते, वळत होते. शेवटची कापून ती म्हणाली, ‘चोवीस लावा.’

‘आणि तिकडे?’

‘तिथल्या माणसाला सांगेन. एकट्याला गाठून. घरची पद्धत आहे म्हणेन.’ तिने कात्री परत त्याच्या खिशात घातली. ‘पण चिठ्ठीवर अठ्ठावीसच लिहा.’

त्याने वर पाहिलं.

‘लिहा बाबा. तुम्हाला जमतं की.’

त्याने चोवीसवर लावली. ती आत, फटीतच उभी होती, आकड्यांच्या बाजूला. वर, खाली, वर, खाली. मग चिठ्ठी घेतली, पेन घेतलं, आणि दोन आणि आठ लिहिले. आठाचं शेपूट लांब जाऊ नये म्हणून जपून. तिने ती स्वतः चिकटवली, अंगठ्याने दाबली, रॅकेट पिशवीत घातली आणि फळी उचलून बाहेर गेली. ‘घरी जाते. आई वाट बघत असेल.’

ती जिन्यात दिसेनाशी झाली तसा तो उठला आणि भिंतीवरच्या रॅकेटला नख लावलं. आवाज आला नाही. त्याने बोट दाबलं. जाळी बोटाबरोबर आत गेली, कपडे वाळत घालायच्या जुन्या दोरीसारखी. पाच पौंड नसतील. त्याने मान डावीकडे वळवून पाहिली, मग उजवीकडे. वळत होती. सहा वर्षांत प्रथमच, न करकरता, पूर्ण वळत होती. तो तसाच उभा होता, हलक्या मानेचा, आणि ते हलकेपण कुठून आलं ते अजून त्याच्या डोक्यात शिरायचं होतं, तेवढ्यात खालच्या वळणावरून तिची हाक आली.

‘बाबा! आईला सांगू नका हं.’

साधंच बोलली होती. हसतच बोलली असावी. पण लहानपणापासून ओळखीच्या त्या आवाजात त्याला चार पौंड जास्त ऐकू आले.